हौस कोणाची, वेळ कोणाचा?

२०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडे घरोघरी बुद्धिबळाची चर्चा सुरू झाली. मंडळाच्या खोलीत कॅरमभोवती गर्दी असतेच, पण कपाटावर धूळ खात पडलेला बुद्धिबळाचा पटही आता खाली उतरू लागला आहे. ही चांगली गोष्ट आहे. त्याबरोबर आईबापांचे प्रश्नही आले. पोराला स्पर्धेत उतरवावे काय? फी भरावी काय? एवढा वेळ पटावर घालवून त्याच्या हाती काय लागणार?

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नांना होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज आम्ही आपल्याला एका डावाची हकीकत सांगणार आहोत. त्यातून ज्याचे त्याने उत्तर काढावे.

आधी स्पर्धेतला डाव म्हणजे काय ते पाहू. ओट्यावर बसून खेळतो त्या डावात चार डोकी मागून सांगत असतात, घोडा हलव, उंट मार. खेळी चुकली तर आपण ती मागेही घेतो. स्पर्धेत यातले काहीच चालत नाही. मोहऱ्याला हात लागला की ते हलवलेच पाहिजे. शेजारी घड्याळ असते. मोठ्या डावात बहुधा प्रत्येकाला दीड तास आणि वर प्रत्येक खेळीमागे तीस सेकंद मिळतात. वेळ संपला की पटावर कितीही फौज असो, सहसा डाव गेलाच. आणि प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने कागदावर लिहावी लागते, आपलीही आणि समोरच्याचीही. समोर डॉक्टरचा मुलगा असो की सफाई कामगाराची मुलगी, दोघांना सोळा-सोळा मोहरी आणि सारखाच वेळ. पटापुरती तरी बरोबरी आहे खरी.

अशा स्पर्धांतून खेळणारे बहुतेक जण हौशी असतात. जागतिक संघटनेचे मानांकन आज १४०० पासून सुरू होते आणि पुष्कळांना तेवढेही मिळालेले नसते. कोणी बँकेत कारकून, कोणी मास्तर, कोणी शाळकरी पोर. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी खेळतो तो हौशी, अशी या शब्दाची साधी व्याख्या आहे. आमचे म्हणणे एवढेच की ही व्याख्या अर्धवट आहे. आवडीसाठी खेळायला आधी वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या मालकीचा आहे हे ती व्याख्या सांगत नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हौशी या शब्दाला मोठा मान होता. सर जॉर्ज थॉमस हे नाव घ्या. घराण्याची सरदारकी, घरचे बरे. ते बुद्धिबळात ब्रिटनचे विजेते झाले, बॅडमिंटनमध्येही अव्वल होते. भारताच्या बॅडमिंटन संघाने २०२२ मध्ये जो थॉमस चषक जिंकला तो याच गृहस्थांच्या नावाचा. दुसरे हॉलंडचे मॅक्स युवे. ते ॲमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवीत, सुट्ट्या लागल्या की स्पर्धेला जात, आणि १९३५ मध्ये चक्क जगज्जेते झाले. एकाजवळ स्वतःचा सगळा वेळ होता, दुसऱ्याजवळ स्वतःच्या सुट्ट्या. दोघेही हौशी.

आता तिसरा माणूस पाहा. त्याचे नाव मीर सुलतान खान. जन्म १९०३ च्या सुमारास, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मिठा टिवाना या गावी. बापाने लहानपणी बुद्धिबळ शिकवले, पण ते आपल्या जुन्या देशी पद्धतीचे. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. राजाला हत्तीच्या आड नेण्याची इंग्रजी युक्ती, जिला आपली मुले कॅसलिंग म्हणतात, ती त्यात नव्हती. ऐन विशीत तो पंजाबातला सर्वांत बळकट खेळाडू गणला जाऊ लागला. तेव्हा त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांनी त्याला आपल्या पदरी घेतले आणि विलायती नियम शिकवण्याची सोय केली. १९२८ मध्ये सुलतान खानने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. १९२९ मध्ये सर उमर भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर गेले, त्यांचा मुक्काम लंडनला हलला, आणि सुलतान खानही त्यांच्याबरोबर गेला. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे तो ब्रिटनचा विजेता झाला. विलायती नियम शिकून त्याला थोडीच वर्षे झाली होती. इंग्रज मंडळी तोंडात बोट घालून पाहात राहिली.

आता त्या डावाकडे वळू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. तेथे दर नाताळात बुद्धिबळाची स्पर्धा भरत असे. ही गोष्ट १९३०-३१ च्या स्पर्धेची. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरलेली होती, तोच हा हिवाळा. सुलतान खानसमोर बसला होता क्यूबाचा होजे राउल कापाब्लांका. १९२१ ते १९२७ हा जगज्जेता होता. तो फारच क्वचित हरत असे, इतका की त्याचे हरणे हीच बातमी होई. गंमत पाहा, कापाब्लांकाही कागदोपत्री बुद्धिबळावर पोट भरणारा नव्हता. १९१३ पासून तो क्यूबा सरकारच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होता. ठरलेले असे काम जवळपास नाहीच, देशोदेशी जाऊन खेळायचे आणि देशाचे नाव करायचे. म्हणजे पटाच्या एका बाजूला सरकारचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला सरदाराचा माणूस. धंदा म्हणून बुद्धिबळ दोघांच्याही नावापुढे लिहिलेले नव्हते. फरक एवढाच की एकाला त्याच्या सरकारने खेळण्यासाठी मोकळे सोडले होते, आणि दुसऱ्याचे येणे-जाणे मालकाच्या मुक्कामावर ठरत होते.

पांढरी मोहरी सुलतान खानकडे होती. पहिल्या दहा-अकरा खेळ्या नेहमीच्या, त्यावर आम्ही रेंगाळत नाही. मधल्या घरांवर दोघांनी आपापली प्यादी रोवली. काळ्याने आठव्या खेळीला कॅसलिंग करून राजा सुरक्षित जागी नेला. पांढऱ्याने ते केले नाही. पासष्ट खेळ्यांच्या त्या सबंध डावात त्याने कॅसलिंग केलेच नाही. त्याचा राजा पायीच चालत राहिला.

तेराव्या खेळीला पांढऱ्याने घोडा देऊन काळ्याचा उंट घेतला. काळ्याने प्याद्याने घोडा मारला, त्यामुळे पटावरची एक उभी पट्टी काळ्या हत्तींसाठी मोकळी झाली. कापाब्लांकाने पुढे दोन्ही हत्ती त्या पट्टीवर एकामागे एक उभे केले. भल्या खेळाडूची छाती दडपावी असा तो देखावा. सुलतान खानने काय करावे? त्याने दुसऱ्या बाजूची प्यादी शांतपणे पुढे काढली आणि काळ्याच्या घोड्याला मागे हटवले. मग एकविसाव्या खेळीला आपला उंट असा नेला की त्याचा मारा थेट मागच्या हत्तीवर आला.

येथे डावाला कलाटणी मिळाली. कापाब्लांकाने हत्ती मागे घेतला नाही. उलट पुढचा हत्ती शत्रूच्या अगदी शेवटच्या ओळीत घुसवून त्याने राजाला शह दिला, लगोलग दुसऱ्या हत्तीनेही शह दिला, आणि दोन्ही हत्ती देऊन पांढऱ्याचा वजीर घेतला. पांढऱ्याचा राजा उघड्यावर आला आहे, आपला वजीर त्याच्यावर तुटून पडेल, असा हिशोब असावा. कागदावरचे मोजमाप पाहिले तर हत्तीला पाच गुण आणि वजिराला नऊ. दहाला नऊ, म्हणजे फारसे बिघडले नव्हते.

पण एकटा वजीर आणि दोन हत्ती यांत एक भेद आहे आणि तो मुलांनी नीट समजून घ्यावा. वजीर चहूकडे धावतो, पण एका जागी तो एकच वार करू शकतो. दोन हत्ती एकमेकांना पाठबळ देतात. एकाने मारले आणि तो पडला, तर दुसरा मागून येतो. शिवाय पटावरच्या वाटा प्याद्यांनी बुजलेल्या असल्या की वजिराच्या धावण्याचा उपयोग उरत नाही. येथे तेच झाले. काळा वजीर शह देत आत शिरला खरा, परंतु पांढऱ्याने एका हत्तीने आपले प्यादे राखले, दुसऱ्या हत्तीने वजिराला हुसकले आणि वर प्यादे पुढे टाकून त्याची वाटच बंद केली. वजीर आल्या वाटेने परत गेला.

त्यानंतर जे झाले ते पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. आम्हाला मात्र हाच भाग सर्वांत आवडतो. पस्तिसाव्या खेळीपासून एक्केचाळिसाव्या खेळीपर्यंत कापाब्लांकाच्या वजिराने फक्त दोन घरांत येरझारा घातल्या. आला, गेला. आला, गेला. जगाचा माजी विजेता, हातात पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे, आणि करायला काही नाही. त्याचा राजा स्वतःच पहारेकऱ्यासारखा हत्तींच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. आणि सुलतान खान काय करीत होता? राजाला एकेक घर चालवीत बाजूला नेत होता. प्यादे एक घर पुढे, उंट एक घर मागे. घाई अशी नाहीच. आपल्याकडे पोरे तीस सेकंदात मोहरी आपटतात, त्यांना हा भाग मुद्दाम दाखवावा.

बावन्नाव्या खेळीला काळ्याने कंटाळून म्हणा किंवा नाइलाजाने म्हणा, आपला उंट जागेवरून हलवला. तो उंट सहाव्या ओळीतल्या ज्या घरावर नजर ठेवून होता, त्याच घरात पुढच्याच खेळीला पांढरा हत्ती जाऊन बसला. दरवाजा एकदाच उघडला आणि तेवढे पुरले. पुढे सुलतान खानने एक प्यादे खुशाल जाऊ दिले, त्या बदल्यात काळ्याचे मोक्याचे प्यादे हत्तीने उचलले, आणि आपले प्यादे वजीर होण्याच्या वाटेवर सोडले. ते शेवटच्या ओळीपासून दोन घरे अलीकडे होते, हत्ती त्याच्या पुढे आणि उंट मागे. पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांकाने डाव सोडला.

त्या स्पर्धेत युवे पहिले, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये तो पुन्हा ब्रिटनचा विजेता झाला. ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर तोच बसे. तिकडची ओली थंडी त्याला मानवली नाही. हिवताप, सर्दी, घसा. कित्येकदा गळ्याला पट्ट्या गुंडाळून तो खेळायला येई. आणखी एक नाव सांगायचे राहू नये. सर उमर यांच्याच घरात राहणाऱ्या मिस फातिमा या तरुणीने १९३३ मध्ये हेस्टिंग्ज येथे महिलांचे ब्रिटिश विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी, त्याच गावी, एकाच घरातली दोन माणसे ब्रिटनची विजेती झाली. सुलतान खानचे नाव थोडेतरी घेतले जाते, फातिमांचे तर कोणाला ठाऊकही नसते. पाठ्यपुस्तकात टाकावी अशी ही गोष्ट आहे.

अमेरिकेचे नामांकित खेळाडू रूबेन फाइन यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. १९३३ च्या ऑलिम्पियाडनंतर अमेरिकेच्या संघाला सर उमर यांच्या घरी बोलावणे आले. पाहुणे गेले, आणि पाहतात तो काय, जेवण वाढायला सुलतान खान. ज्याच्याशी पटावर बरोबरीने झुंजायचे, तो आपल्या ताटात वाढतो आहे हे पाहून ते ओशाळले. ही आठवण पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरली. इंग्रज ग्रँडमास्टर डॅनियल किंग यांचे सुलतान खानवरचे पुस्तक २०२० मध्ये आले, त्याच्या नावातच तो भारतीय नोकर आहे. त्यावर सुलतान खानच्या घरच्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की तो नोकर नव्हता आणि निरक्षरही नव्हता. घराणे पीरांचे, जमीनजुमला असलेले, आणि सर उमर त्याला खेळासाठी मानधन देत.

खरे काय? घरच्यांचे म्हणणे हलक्यात घेऊ नये. दुसऱ्याने लावलेली पाटी गळ्यात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हिंडणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. साहेबांच्या पुस्तकांना देशी माणूस गरीब, अडाणी आणि चमत्कारिक असलेला आवडतो हेही खरे आहे. तरीही एका गोष्टीबद्दल कोणाचा वाद दिसत नाही. तो लंडनला गेला तो सर उमर गेले म्हणून. १९२९ च्या अखेरीस, विजेतेपद ताजे असताना, तो भारतात परतला तोही त्यांच्याबरोबर. आणि १९३३ च्या डिसेंबरात सर उमर कायमचे परतले तेव्हा, तीनदा ब्रिटनचा विजेता झालेला हा माणूस तिशीच्या घरात मोठ्या बुद्धिबळातून उठला. नोकर म्हणा, आश्रित म्हणा, मानधनावरचा खेळाडू म्हणा. त्याचे वेळापत्रक दुसऱ्याच्या खिशात होते. परतल्यावर त्याला तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, असे फातिमांनी पुढे सांगितल्याचे नमूद आहे. तो निघून गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ब्रिटनचे विजेते झाले ते सर जॉर्ज थॉमस. आमच्या मनात थॉमस यांच्याबद्दल अढी नाही, ते चांगले खेळाडू होते. परंतु हौशी या एकाच शब्दाखाली ही दोन्ही नावे बसवताना जीभ अडखळते.

१९३५ मध्ये भारतात त्याचा व्ही. के. खाडिलकर या आपल्या मराठी खेळाडूशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना त्यातला एक डाव बरोबरीत सोडवता आला, बाकीचे सुलतान खानने जिंकले. त्यानंतर मोठा सामना असा नाही. उरलेले आयुष्य सरगोध्याकडे शेतीवाडीत गेले. १९५० मध्ये जागतिक संघटनेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब वाटले, त्यात हे नाव नव्हते. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने तो गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत, मरणानंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी, त्याला मानाचा ग्रँडमास्टर किताब देण्यात आला.

त्याच्या थोरल्या मुलाने सांगितलेली एक गोष्ट आईबापांनी जरूर ऐकावी. सुलतान खानने स्वतःच्या मुलांना बुद्धिबळ शिकवले नाही. आयुष्यात याहून उपयोगाचे काहीतरी करा, असे तो त्यांना सांगे. कापाब्लांकाला हरवणारा बाप हे म्हणतो, तेव्हा ते बोल कडवट आहेत एवढे म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून काय पट पुन्हा कपाटावर टाकावा? मुळीच नाही. मुलांना खेळू द्या, मुलींना आधी खेळू द्या. फी आणि प्रवासखर्च झेपेल तेवढ्याच स्पर्धा निवडा, कर्ज काढून मानांकनाच्या मागे लागू नका. परीक्षेच्या दिवसांत पट बंद. आणि कोणी दाता पुढे आला, पोराचा सगळा खर्च मी करतो म्हणाला, तर त्याचे आभार जरूर माना, पण पोराने कोठे जायचे, कधी थांबायचे आणि शाळा कधी बुडवायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती देऊ नका. तो तुमच्या आणि पोराच्या हाती राहू द्या.

येत्या रविवारी पट मांडून हा डाव मुलांबरोबर पाहावा, अशी आमची सूचना आहे. एकविसाव्या खेळीला पांढऱ्याने उंट हलवला, त्यानंतरची स्थिती अशी. पांढरा: राजा ई-१, वजीर बी-३, हत्ती ए-१ आणि एच-१, उंट एफ-४ आणि जी-४, प्यादी ए-३, बी-२, डी-४, ई-३, एफ-२, जी-५, एच-४. काळा: राजा जी-८, वजीर ई-७, हत्ती सी-६ आणि सी-८, उंट बी-७, घोडा ई-८, प्यादी ए-७, बी-६, डी-५, डी-६, ई-४, जी-७, एच-७. खेळी काळ्याची. कापाब्लांकाने काय केले ते मुलांना आधी सांगू नका. हत्तीवर मारा आहे, त्यांनी काय केले असते ते विचारा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे द्या.